खोकल्यानंतरचं वाक्य

वाक्य आधी फोरमनच्या तोंडून आलं आणि मग पडद्यावरच्या माणसाच्या. म्हणूनच पहिल्यांदा तिला वाटलं, हा म्हातारा आपल्या घरातलं काहीतरी बोलतो आहे. ती तपासणीच्या खोलीच्या दारात उभी होती, त्याला आत बोलवायला आलेली. बाहेर एका पट्टीला ठोकलेल्या सहा-सात खुर्च्या, कोपऱ्यात उंचावर टीव्ही, आणि टीव्हीचा आवाज अगदी बारीक. कानाच्या दवाखान्यात बसलेल्या निम्म्या लोकांना तो मोठा केला तरी ऐकू येत नाही आणि उरलेल्यांना नकोच असतो. कुठलासा जुना सिनेमा चालू होता. पलंगावर एक म्हातारा, पायथ्याशी एक तरुण बाई, खिडकीतून मुद्दाम सोडल्यासारखा उजेड. फोरमनच्या कानात यंत्र नव्हतं. ते दुरुस्त होऊन तिच्याच हातात होतं. आयुष्यभर कारखान्यातल्या ठोकाठोकीत उभं राहून या माणसाचे कान पार कामातून गेले होते. तो एकदम खुर्चीत ताठ झाला, शेजारच्या बाईला हातानेच गप्प राहायला खुणावलं, दोनदा खोकला, आणि बहिऱ्या माणसांच्या त्या बेहिशेबी मोठ्या आवाजात म्हणाला, "दार मी लावलं होतं, पोरी. कडी कधीच लावली नव्हती." मग पडद्यावरचा म्हातारा दोनदा खोकला आणि तेच म्हणाला. पायथ्याची बाई रडायला लागली. काउंटरवरच्या मुलीला गंमत वाटली. "आजोबा, अगदी पाठ आहे की तुम्हाला!" ती ओरडली. "हो ना," फोरमन म्हणाला, "पाठ आहे, कंबरही आहे. सकाळी उठवत नाही." सगळे हसले.

ती हसली नाही. यंत्राची लहानशी डबी तिच्या मुठीत होती आणि मूठ ओली झाली होती. ते वाक्य तिच्या वडिलांचं होतं. जाताना तिच्यासाठी ठेवून गेलेलं, दुसऱ्या कोणाला ठाऊक असायचं कारण नसलेलं. बाबा गेले त्या दिवशी दुपारी ती माहेरचा जिना चढत होती, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर वहिनी समोर आली, तिच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "वन्सं, थोडक्यात चुकामूक झाली. पण तुमच्यासाठी बोलून गेलेत. दोनदा खोकले, आणि म्हणाले, तिला सांग, दार मी लावलं होतं, कडी कधीच लावली नव्हती." ती तिथेच पायरीवर बसली होती. वरून कोणाच्या तरी रडण्याचा आवाज येत होता, खालून कोणीतरी सायकल लावत होतं, आणि या दोन आवाजांच्या मधोमध ते वाक्य तिच्या अंगात उतरलं. दहा-अकरा वर्षं तिच्याशी एक अक्षर न बोललेल्या माणसाचं. पत्रिका छापून आल्यावर तिने ठरलेलं लग्न मोडलं होतं, कारण विचारलं तेव्हा कारण नाही म्हणाली होती, आणि बाबांनी "जा" एवढंच म्हणून दार लावून घेतलं होतं. बाबा वजनमापं तपासायच्या खात्यात होते. दुकानात जायचे, काटा बघायचे, "कमी आहे" म्हणायचे आणि निघायचे. घरीही तसेच. तीन शब्दांचं वाक्य त्यांना लांब वाटायचं. आणि असा माणूस शेवटी एवढं गोळीबंद बोलून गेला, यात तिला तेव्हा काहीच वावगं वाटलं नव्हतं. मरताना माणूस बदलतो, असं तिने स्वतःलाच समजावलं होतं. किंवा समजावलंही नव्हतं. वाक्य इतकं हवं होतं, की ते कुठून आलं हे विचारायला तोंडच उघडलं नाही.

"चला," ती फोरमनला म्हणाली. काचेच्या खोलीत त्याला बसवून तिने यंत्र कानात घातलं, आणि नेहमीसारखा तोंडासमोर पुठ्ठा धरून एकेक शब्द म्हणायला लागली. पुठ्ठा ओठ दिसू नयेत म्हणून. ओठ दिसले की माणसं डोळ्यांनी ऐकतात. वाट, ती म्हणाली. "खाट," फोरमन ठासून म्हणाला. माळ. "बाळ." हा तिचा रोजचा अनुभव. ज्याला ऐकू येत नाही तो गप्प बसत नाही, अर्धवट ऐकलेल्यात आपल्याजवळचं काहीतरी भरतो आणि ते ऐकलं म्हणून शपथेवर सांगतो. खोटं नाही बोलत. त्याला खरंच तसं ऐकू येतं. तिने पुठ्ठा खाली ठेवला. "आजोबा, तो सिनेमा कुठला हो?" फोरमन खुलला. "तुमच्या लहानपणचा. काय चालला होता! थेटरात त्या वाक्याला बायका आधीच पदर काढून बसायच्या. माझी बायको तो बघून आली आणि दुसऱ्या दिवशी माहेरी गेली. बापाशी बोलत नव्हती ती. अख्ख्या गल्लीतल्या बायका तेच वाक्य म्हणायच्या, उठता-बसता." अख्ख्या गल्लीतल्या. तिला अंगावरचे कपडे दुसऱ्याचे निघाल्यासारखं झालं. तिने पुन्हा पुठ्ठा उचलला. पुठ्ठ्याआड तोंड असलेलं बरं होतं.

घरी जाताना तिला आठवलं ते भलतंच. कडीचा आवाज. ती बाहेर पडली त्या दिवशी ती ताबडतोब जिना उतरली नव्हती. बॅग हातात घेऊन बंद दाराकडे बघत उभी राहिली होती, आणि आतून कडी सरकल्याचा आवाज तिने ऐकला होता. लोखंडी, थोडी वाकडी, शेवटी जोर लावून ठोकावी लागणारी ती कडी. सरक, आणि मग ठक. पुढची सगळी वर्षं तो ठक तिच्या कानात होता. रागावर तिचं आयुष्य नीट चाललं होतं. रागाने तिला नोकरी मिळवून दिली, खोली मिळवून दिली, पुढे मनासारखा नवरा केला तेव्हा माहेरचं कोणी नाही याचं वाईट वाटू दिलं नाही. मग जिन्यावर वहिनीने ते वाक्य सांगितलं, आणि तो आवाज गेला. गेला म्हणजे असा, की तो कधी झालाच नव्हता. ती स्वतःलाच सांगू लागली, शेजारच्यांची कडी असेल, आपली नसेल. ज्या बाईचं पोट दुसऱ्यांनी काय ऐकलं आणि काय नाही हे नोंदवण्यावर चाललं होतं, तिने स्वतःचं ऐकलेलं असं सहज पुसून टाकलं होतं. आता रस्त्याच्या कडेला, फळवाल्याच्या गाडीशी, मागून येणाऱ्यांचे धक्के खात ती थांबली आणि तो ठक परत आला, जसाच्या तसा. मनात पाल चुकचुकली ती तेव्हा. वहिनीने हे का केलं?

नवऱ्याला तिने जेवताना सांगितलं. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा आणि कुठलीही गोष्ट आधी सपाट करून घ्यायचा. "मग काय झालं? तुझ्या बाबांनीच सिनेमा पाहिला असेल. त्यांनाही आवडलं असेल वाक्य." "बाबांनी सिनेमा? टीव्हीकडे पाठ करून पेपर वाचायचे ते." "कान उघडेच होते ना? पडलं असेल कानावर." "शेवटी शेवटी कानही नव्हते त्यांना." तो घास तोंडापाशी थांबवून म्हणाला, "अगं, आणि नसेल म्हटलं तरी. इतकी वर्षं बरं वाटलंय ना तुला त्याने? झालं तर मग." या वाक्याचाही तिला संशय आला. झालं तर मग. हे तरी त्याचं होतं का? लग्नाआधी बागेच्या फाटकाशी तो म्हणाला होता, तू बोलू नकोस, मी तुझ्या गप्प बसण्याशी लग्न करतोय. तेव्हा तिचं काळीज हललं होतं. आता तिने ते वाक्य दिव्याखाली धरून उलटसुलट करून पाहिलं. कुठल्या सिनेमातलं? कोणी कोणाला म्हटलेलं? नवरा पाणी पीत होता. त्याच्या गळ्यातली गाठ वरखाली होत होती आणि तिला तो पहिल्यांदाच पाहिल्यासारखा दिसला, पाठांतर केलेला एक साधासा माणूस.

तिने सिनेमा फोनवर शोधून काढला आणि दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत काचेच्या खोलीत बसून पाहिला, हेडफोन लावून. तसा बरा होता, पण फार रडका. ते दृश्य आलं तेव्हा तिने मागेपुढे करून ते पुन्हा पुन्हा ऐकलं. म्हातारा नट वाक्याच्या आधी दोनदा खोकत होता. पहिला खोकला कोरडा, दुसरा जरा ओला. दोनदा खोकले, वहिनी जिन्यावर म्हणाली होती. म्हणजे बाबांनी कुठूनसं ऐकलेलं वाक्य वापरलं, ही नवऱ्याची पळवाटही बंद झाली. माणूस वाक्य उचलेल. मरताना खोकलाही उचलेल का? वहिनीने तिला बाबांचं मरण सांगितलं नव्हतं, सिनेमा सांगितला होता. आणि त्याहून वाईट म्हणजे गेली कित्येक वर्षं ती स्वतः तो सांगत आली होती. काउंटरवरच्या मुलीला, शेजारणीला, बसमध्ये ओळख झालेल्या एका बाईला. तिला आठवलं, सांगताना ती नेमकी त्याच जागी थांबायची. एकदा तर तिने तो खोकलाही करून दाखवला होता. ऐकणाऱ्या बाईच्या डोळ्यांत पाणी आलं होतं आणि तिला, खरं सांगायचं तर, बरं वाटलं होतं.

वहिनीला घरात सगळे टॉकीज म्हणायचे. नाव दादानेच ठेवलेलं. दूध उतू गेलं तरी वहिनीकडे त्यावर एखादं वाक्य असायचं, हात कपाळाला लावून म्हटलेलं. भाजीवाल्याशी घासाघीस करताना ती एकदम आवाज खाली आणून म्हणायची, "भाऊ, आज तू जिंकलास, पण देव बघतोय," आणि भाजीवालाही हसून दोन मिरच्या जास्त टाकायचा. वाक्यं कुठून येतात हे कोणी विचारत नसे. सगळ्यांना ठाऊकच होतं. मग तिला एकटीलाच का ठाऊक नव्हतं? की होतं? संशय असा एकदा घरात शिरला, की तो काही एका खोलीत बसत नाही. ती रात्रंदिवस वहिनीची वाक्यं आठवू लागली. तिला मुलगी झाली तेव्हा वहिनी दवाखान्यात येऊन म्हणाली होती, वन्सं, आजपासून तुम्ही कधी एकट्या नाही. सिनेमा. दादाशी भांडण झालं तेव्हा, रक्त पाण्याहून दाट की काय म्हणाली होती. सिनेमा. मग खरी वहिनी कुठे होती? आणि त्याहून टोचणारं: फोन. दादाचा फोन त्या दिवशी सकाळी आला होता, लगेच ये म्हणून. पण बाबा तर चार दिवस आधीपासून पडून होते, हे तिला नंतर कळलं. आधी का नाही कळवलं? शेवटच्या घटकेला खोलीत फक्त वहिनी होती, दादा डॉक्टरांना आणायला गेला होता. हे दादाच म्हणाला होता. म्हणजे बाबा काय बोलले, हे जगात एकाच माणसाला माहीत होतं, आणि त्या माणसाने त्याच्यावर सिनेमा चिकटवून ठेवला होता. माणूस भिंतीवर चित्र टांगतो ते बहुतेक वेळा पोपडे दिसू नयेत म्हणूनच. बाबांनी काहीतरी वाईट म्हटलं असणार. तिचं तोंड दाखवू नका म्हणाले असतील. किंवा काहीच म्हणाले नसतील, तिची आठवणही काढली नसेल. दोन्हींतलं जास्त वाईट कुठलं, हे तिला ठरवता येत नव्हतं.

दवाखान्यात तिच्या चुका होऊ लागल्या. एका शाळेच्या मुख्याध्यापिकेने "माळ" बरोबर सांगितलं आणि तिने ते चूक लिहिलं. लोक बोलायला लागले, की ती त्यांच्या बोलण्याच्या कडा चाचपायची: हे याचं आहे की उचललेलं? एका बाईचा नवरा गेलेला, ती म्हणाली, "त्यांच्याशिवाय घर खायला उठतं हो," आणि तिला वाटलं, खोटं, हे सगळ्याच म्हणतात. मग स्वतःचीच लाज वाटली. सगळ्या म्हणतात म्हणून त्या बाईला घर खायला उठत नसेल, असं थोडंच होतं? पण लाज वाटून संशय जात नाही. तो नुसता आत सरकून बसतो. त्यातच दादाचा फोन आला. बदलीच्या गावी घर मिळालं होतं, रविवारी टेम्पो येणार होता, बाबांच्या खोलीतलं काही हवं असेल तर येऊन जा. दादाच्या आवाजात नेहमीची घाई. तिला एकदम वाटलं, पळून चाललेत. आणि मग वाटलं, आता नाही विचारलं तर हे वाक्य आपल्याला जन्मभर पुरणार. फोनवर विचारायची सोय नव्हती. पुठ्ठ्याआडून कोणीही काहीही म्हणू शकतं. तिला वहिनीचे ओठ दिसायला हवे होते.

रविवारी दुपारी ती गेली तेव्हा घराचं तोंड धुतल्यासारखं झालं होतं. भिंतींवर फोटोंच्या जागी फिकट चौकोन, मधल्या खोलीत खोकी, दोरखंड, गुंडाळलेल्या गाद्या. दादा पहिली खेप घेऊन पुढे गेला होता. वहिनी बाबांच्या खोलीत होती. पलंगाचे सुटे केलेले भाग भिंतीला टेकवलेले, आणि ती जमिनीवर बसून चिकटपट्टीने एक खोकं बंद करत होती. तिची बोटं पट्टीला चिकटत होती. "या वन्सं, या! उजाड बागेत कोकिळा आली," ती मोठ्याने म्हणाली. तिचा आवाज नेहमीच असा, दोन खोल्या पलीकडे जाणारा. पण ती बसलीही नाही. उभ्याउभ्याच म्हणाली, "वहिनी, मी तो सिनेमा पाहिला."

"कुठला?"

"दार लावलं होतं, कडी लावली नव्हती. तो."

वहिनीच्या हातातली पट्टी कर्रकन ओढली गेली आणि थांबली. तिने वर पाहिलं. तोंडावर आधी एखादं वाक्य येईल असं वाटलं. ओठ तसे हललेही. पण आलं नाही. "कधीतरी लागणारच होता तो टीव्हीवर," ती म्हणाली, आवाज खाली आणून. "मला वाटायचं, तुम्ही कुठे सिनेमे बघता."

"बाबा काय म्हणाले होते?"

"जाऊ द्या ना आता."

"काय म्हणाले होते? माझ्याबद्दल वाईट बोलले असतील तर तसं सांगा. मी काही लहान नाही. काहीच बोलले नसतील तर तसं सांगा. पण मला त्या नटाचा खोकला नको आहे, वहिनी."

"खोकला?"

"दोनदा खोकले म्हणालात तुम्ही."

"म्हणाले का मी?" वहिनी गोंधळली. मग कसनुसं हसली. "तो त्या वाक्यातलाच आहे हो. त्याच्याशिवाय ते म्हणताच येत नाही."

ती वहिनीच्या ओठांकडे बघत राहिली. दवाखान्यात ती अशीच थांबते, समोरच्याने ऐकलं की नाही याची वाट बघत. वहिनी पट्टीचं टोक नखाने खरवडत राहिली. "तुम्हाला आधी कळवायचं नाही असं त्यांनीच सांगितलं होतं ह्यांना," ती म्हणाली. "चार दिवस. उगाच येईल, काम टाकून येईल, म्हणायचे. आणि शेवटच्या दिवशी उठल्यापासून एकच धोशा. ती आली का. ती आली का. फोन तर सकाळीच केला होता. येतायत, निघाल्यात, पोचतीलच आता, किती वेळा सांगायचं? आणि सांगितलेलं ऐकू कुठे येत होतं त्यांना? कानाशी तोंड नेऊन ओरडायचं, तरी पाच मिनिटांनी परत, ती आली का. हे डॉक्टरांकडे गेले. डोळ्यांना तर काही दिसतच नव्हतं. मग मी त्यांचा हात हातात घेतला आणि कानाशी जाऊन म्हटलं, बाबा, आले मी." पट्टीचं टोक सुटून हातात आलं. "आयुष्यात कधी बाबा म्हटलं नव्हतं हो त्यांना. मामंजीच. जीभ अडखळली माझी. वाटलं, ओळखतील. नाही ओळखलं."

"मग?"

"मग म्हणाले, आलीस."

खिडकीखाली कोणीतरी रिकामे डबे आपटत होतं. तिला वाटलं, एवढ्यावर थांबावं. एवढं पुष्कळ झालं. पण वहिनीला आता थांबता येत नव्हतं. "म्हणाले, मला घेऊन चल. मी म्हटलं, कुठे? तर म्हणाले, तुझ्याकडे. आणि म्हणाले," वहिनीने पट्टी बोटाभोवती गुंडाळली, घट्ट, बोटाचं टोक लाल होईपर्यंत, "म्हणाले, ही बाई झोपू देत नाही."

ती एकदम समोरच्या खोक्यावर बसली.

"मी बोलायचे ना सारखी त्यांच्याशी," वहिनी म्हणाली. "दिवसभर एकटे पडलेले असायचे या खोलीत. तुम्ही येत नव्हता, हे नोकरीवर. म्हटलं, माणसाच्या कानावर माणसाचा आवाज पडावा. ऐकू येत नाही म्हणून मोठ्याने बोलायचे. घरातलं काय सांगणार रोज रोज? सिनेमाच्या गोष्टी सांगायचे, पहिल्यापासून शेवटपर्यंत, सगळी वाक्यं म्हणून. ते डोळे मिटून पडायचे. मला वाटायचं, आवडतंय त्यांना. छान ऐकतात म्हणून मी ह्यांनाही सांगायचे." तिने बोटावरची पट्टी सोडली. "मग तुम्ही जिन्यात दिसलात. तुमचा चेहरा असा झालेला. काहीतरी सांगायला हवंच होतं. खरं होतं ते तुमचंच होतं, तुम्हालाच द्यायला हवं होतं, कळत होतं मला. पण ते दिलं असतं तर मग माझं काय राहिलं असतं? या घरात परत पाय कसा ठेवला असता मी? तोंडात आलं ते बोलून टाकलं. ते तयारच होतं."

तिची सवय तिला सोडेना. एवढं ऐकूनही मनाने ते सगळं पुन्हा उलटून पाहिलं: हेही कुठल्या सिनेमातलं तर नाही? आंधळा बाप, मुलीच्या जागी सून. असेल एखादा. पण ते वाक्य? ही बाई झोपू देत नाही. असं वाक्य कोण लिहील? कोणत्या नटाला ते मरताना म्हणायला लावतील? त्यावर कुठल्या थेटरात बायका पदर काढून बसतील? आलीस. घेऊन चल. तुझ्याकडे. वाक्यं कसली, मोजून टाकलेली वजनंच ती, वर एक चिमूट नाही. आणि ती ऐकतानाच, कितीतरी वर्षांनी, तिला बाबांचा स्वतःचा आवाज ऐकू आला. नाकातून येणारा, वाक्य संपायच्या आधीच कंटाळणारा, दुकानदारांना घाबरवणारा. इतकी वर्षं तिने वहिनीच्या तोंडून आलेल्या त्या नटाच्या आवाजाला बाप मानलं होतं. हा आवाज तिच्याकडे यायला निघाला होता आणि वाटेत या बाईच्या अंगावर पडला होता, इतका जोरात, की तो उचलून पुढे देण्याचं बळ तिच्यात उरलं नव्हतं. तिला आनंद झाला. तो आनंद इतका उघडा आणि निर्लज्ज होता, की तिने मान खाली घातली. समोर वहिनी बसली होती, आणि वहिनीच्या देखत असा आनंद होणं बरं नव्हतं.

काहीतरी बोलायला हवं होतं. वाक्यं येऊ लागली, एकामागून एक, घासूनपुसून लखलखीत. त्यांना शेवटी शुद्धच नव्हती, वहिनी. माणूस ज्याच्यावर माया करतो त्याच्यावरच चिडतो, वहिनी. तुमच्यासारखी सेवा पोटच्या मुलीने केली नसती. प्रत्येक वाक्य जिभेच्या टोकापर्यंत आलं, आणि प्रत्येकाच्या आधी एक खोकला ऐकू आल्यासारखा झाला. त्यातलं एखादं खरंही असेल. पण तिने एकही उच्चारलं नाही. वहिनी खोक्याच्या झाकणावरून हात फिरवत होती, सुरकुत्या नसलेल्या पुठ्ठ्यावरच्या सुरकुत्या घालवल्यासारखा.

"हात कधी सोडलात त्यांचा?" शेवटी तिने विचारलं.

"मी कुठे? त्यांनीच धरला होता." वहिनीने उजवा हात उघडून स्वतःकडेच धरला, जागा दाखवावी तसा. "तुमचा म्हणून धरलेला. इतका घट्ट, की मला वाटलं, आता उठून बसतात. मग केव्हा गेले तेही कळलं नाही, हात तसाच. हे आले, डॉक्टरांनी पाहिलं, तरी सुटेना. मग ह्यांनी एकेक बोट करून सोडवला." तिने बोटं मिटून पुन्हा उघडली. "दुखत होता दोन दिवस. कोणाला सांगितलं नाही."

ती खोक्यावरून उतरून खाली वहिनीशेजारी बसली. तिने तो हात घेतला. तळवा खरखरीत होता, बोटांवर चिकटपट्टीचे तुकडे, अंगठ्याजवळ शाईचा डाग. ती त्याचा प्रत्येक सांधा चाचपून पाहू लागली, सावकाश, बाबांची बोटं कुठे कुठे बसली असतील ते शोधत. आणि वहिनीने, जिला एवढा वेळ गप्प बसलेलं या घराने कधी पाहिलं नव्हतं, ते तिला शोधू दिलं. खाली टेम्पोवाल्याने हॉर्न दिला. मग पुन्हा दिला, जरा लांबवून. दोघींनाही तो स्वच्छ ऐकू आला होता.